जुन्या लॅपटॉपमधला अर्ज कसा सापडला

(वनहक्क समिती सदस्यांच्या शिबिरात एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलण्यात आले तसेच लिहून काढले आहे. पाड्यावर वाचून दाखवावे.)



बायांनो, भावांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या पोरांनो. मला सांगितलं होतं की कागदपत्रं कशी सांभाळायची यावर अर्धा तास बोल. पण कागद सांभाळा, कागद सांभाळा असं आपण प्रत्येक शिबिरात ऐकतो आणि घरी जाऊन कागद पुन्हा छपराच्या वाश्यात खोचतो. म्हणून मी उपदेश करत नाही. यंदा आमच्या पाड्यावर काय झालं तेवढं सांगते. त्यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

आमच्या पाड्यावर एक आजी आहे. डोंगराच्या उतारावर तिचा प्लॉट आहे. नागली, वरई, थोडी तूर. सासऱ्यापासून कसतात. फॉरेस्टवाल्यांनी किती वेळा पीक उपटलं, किती वेळा दंड केला, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. वनहक्काचा दावा तिच्या नवऱ्याने आणि तिने मिळून भरला होता. मधे नवरा वारला. दाव्याचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि शेत तर चालूच होतं, त्यामुळे तीही विचारायला गेली नाही.

पेरणीच्या दिवसांत तिच्या घरी एक पत्र आलं. तिला वाचता येत नाही. सरकारी कागद म्हणून तिने तो नीट घडी करून कणगीत ठेवला. बाजाराच्या दिवशी मला भेटली तेव्हा म्हणाली, "पोरी, एक कागद आला हाय, बघ बरं." मी वाचला. उपविभागीय समितीने दावा नामंजूर केला होता. कारण एका ओळीत: पुरावे जोडलेले नाहीत. पत्रावरची तारीख बघितली. तेवीस दिवस उलटून गेले होते.

आता इथं बसलेल्या सगळ्यांनी हा आकडा पाठ करा. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला 60 दिवस असतात. 2012 च्या सुधारित नियमांत आहे की दावा फेटाळल्याचा निर्णय कारणांसकट दावेदाराला समक्ष कळवला पाहिजे, म्हणजे त्याला अपील करता येईल. आणखी 30 दिवस वाढवून मिळू शकतात, पण ते त्यांच्या मर्जीवर. त्यामुळे 60 च धरून चाला. आणि पत्रावर जी तारीख आहे तिथूनच मोजा, म्हणजे फसगत होणार नाही. आमच्याकडे उरले होते सदतीस.

मग प्रश्न आला, दाव्याला जोडलं काय होतं? आजी म्हणाली, "लय कागद व्हते." कुठले? "ते पोराला ठाव." घरातली झेरॉक्स वाळवीने खाल्ली होती. ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, फाईल शोधावी लागेल, पुढच्या आठवड्यात या. असं पुढच्या आठवड्यात या ऐकत बसलो असतो तर 60 दिवस तिथंच संपले असते.

तेव्हा आठवलं की आमच्या पाड्याचे सगळे दावे आपल्याच एका पोराने टाईप केले होते. आमच्या संघटनेच्या खोलीत एक जुना लॅपटॉप आहे. एका निवृत्त गुरुजींनी दिलेला. त्यात विंडोज सात आहे. बॅटरी कधीच गेली, वायर लावली तरच चालतो. लाईट गेली की तोही गेला. त्याचं के हे बटण पार गुळगुळीत झालंय. का ते पुढं सांगते. तो पोरगा आता कंपनीत कामाला लागलाय, पाड्यावर दिवाळीला येतो.

लॅपटॉप लावला. तर पडद्यावर टायपिंगची जी खूण असायची, जिच्यावर दाबलं की लिहायचं पान उघडायचं, ती नाही. नुसतं निळं आभाळ. मी त्या पोराला फोन लावला. म्हटलं, "बाबू, ॲप्लिकेशन सापडत नाही रे." तो म्हणाला, "ताई, ॲप्लिकेशन आतच असणार, नुसती बाहेरची पाटी गेली असंल. स्टार्ट दाब." मी म्हटलं, "आत कुठं? ऑफिसात पण नाही म्हणतात." तो म्हणाला, "ऑफिसचा काय संबंध?" दहा मिनिटं आम्ही असे बोलत होतो. मी बोलत होते आजीच्या ॲप्लिकेशनबद्दल, म्हणजे दाव्याबद्दल. तो बोलत होता लिहायच्या प्रोग्रामबद्दल. कॉम्प्युटरवाले त्यालाही ॲप्लिकेशनच म्हणतात. हसू नका, तुमचंही होईल. म्हणून आजपासून आपण अर्जाला अर्ज म्हणू आणि प्रोग्रामला प्रोग्राम म्हणू.

पण खरं सांगायचं तर दोन्ही हवे होते. अर्ज सापडला तरी प्रोग्रामशिवाय तो उघडणार कशात? म्हणून आधी प्रोग्राम शोधला.

इथं पहिली गोष्ट समजून घ्या. पडद्यावर जी चित्रं दिसतात त्यातली बरीचशी नुसत्या पाट्या असतात. गावाच्या फाट्यावर पाटी असते ना, तशी. पाटी पडली म्हणून गाव उठून जात नाही. प्रोग्राम आत असतो, सी ड्राईव्हमध्ये. पाटी चुकून पुसली जाते. विंडोज सात बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या पाट्या कधी कधी स्वतःहून काढून टाकतं. किंवा सगळ्याच पाट्या लपवून ठेवायचं एक बटण असतं, ते कुणाकडून दाबलं जातं. म्हणून घाबरायचं नाही. खाली डाव्या कोपऱ्यात स्टार्ट दाबायचं, ऑल प्रोग्राम्स उघडायचं, आणि यादी वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचायची.

मी वाचली. बाबू सांगत होता तो वर्ड नव्हताच. त्याच्या जागी लिब्रे ऑफिस होतं. मग उलगडा झाला. मधे लॅपटॉप बंद पडला होता म्हणून कुणीतरी तो बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला होता. त्याने विंडोज नव्याने टाकली. नव्याने टाकताना जुनं सगळं पुसलं. वर्ड गेलं, त्याने दुसरा फुकटचा प्रोग्राम टाकून दिला, पण बाहेर पाटी लावली नाही आणि आम्हालाही सांगितलं नाही. आम्ही पण विचारलं नाही, ती आमची चूक.

लिब्रे ऑफिसात वर्डच्या फाईली उघडतात, त्यामुळे काम अडलं नाही. त्या नावावर उजवं बटण दाबून सेंड टू, डेस्कटॉप केलं की पाटी पुन्हा बाहेर येते. झालं, एक ॲप्लिकेशन सापडलं.

पण माझ्या पोटात गोळा आला. नव्याने टाकताना सगळं पुसलं, तर मग आजीचा अर्जही गेला का?

बाबूला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी डी ड्राईव्हला टाकायचो. सी ला कधी काही ठेवलं नाही." हे नीट ऐका. लॅपटॉपच्या पोटात बहुतेक वेळा दोन कप्पे असतात. सी मध्ये मशीनचं स्वतःचं सामान असतं. पडद्यावर ठेवलेली फाईल, माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेली फाईल, हे सगळंही सी मध्येच जातं. विंडोज नवी टाकताना सी पुसला जातो, डी ला हात लावायची गरज नसते. त्या पोराची एक चांगली सवय आणि आमच्या पाड्याचे सगळे दावे वाचले. त्याने आपल्या समजुतीने केलं होतं. आम्ही कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

आमच्यातल्या एका शहाण्याचं तोवर चालू होतं, सगळं फॉरमॅट मारून नवीन करू, नाहीतर नेटवरून फाईल परत आणायचं काहीतरी टाकू. मी म्हटलं, हात लावू नको. हरवलेली फाईल शोधताना त्या मशीनवर नवीन काहीही टाकायचं नाही. फाईल पुसली गेली असेल तरी तिची जागा लगेच भरत नाही. नवीन काही टाकलं की त्या जागेवर ते बसतं आणि मग खरंच गेलं. आधी कचऱ्याच्या टोपलीत, म्हणजे रिसायकल बिनमध्ये बघायचं. आमच्या टोपलीत काही नव्हतं.

आता डी ड्राईव्ह उघडला. फोल्डरच फोल्डर. लग्नाचे फोटो, मोर्च्याचे फोटो, गाणी. वर शोधायच्या चौकटीत मराठी कीबोर्ड लावून मी लिहिलं, दावा. मशीन फिरत बसलं, आणि शेवटी म्हणालं, काही नाही. आजीचं नाव लिहिलं. काही नाही. वन लिहिलं. काही नाही. सगळेजण माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आजी दाराशी बसली होती, ती म्हणाली, "नसंल तर राहू दे पोरी, तू जेव आदी."

पुन्हा फोन. बाबू हसला. म्हणाला, "ताई, तेव्हा आपण कृतिदेवमध्ये टाईप करायचो. मशीनला ते मराठी वाटतच नाही."

ही दुसरी गोष्ट, आणि ही फार कामाची आहे, कारण आपल्या बहुतेक संघटनांचे जुने कागद असेच आहेत. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असले जुने फॉन्ट आहेत ना, त्यांत आपण मराठी टाईप करतो तेव्हा मशीनच्या आत इंग्रजी अक्षरंच जातात. फॉन्ट त्यांना मराठीचा अंगरखा घालतो. आपल्याला दिसतं मराठी, मशीनला दिसतं इंग्रजी. कृतिदेवमध्ये द साठी एन दाबायचं, काना साठी के, व साठी ओ. म्हणजे आपण दावा लिहिलं तर मशीनने लिहून ठेवलंय एन, के, ओ, के. भारत लिहिलं तर एच, के, के, जे, आर. आता कळलं ना के चं बटण का झिजलं? मराठीत काना किती लागतो! आजकाल मोबाईलवर आपण लिहितो ते युनिकोड, ते खरं मराठी असतं. त्या मराठीतला दावा आणि कृतिदेवातला दावा, मशीनच्या लेखी यांची ओळखच नाही.

तर फोल्डरच्या शोधायच्या सेटिंगमध्ये जाऊन फाईलच्या आतला मजकूरही शोध, अशी खूण केली. नाहीतर मशीन फक्त फाईलींची नावं बघतं. आणि चौकटीत लिहिलं, एन के ओ के. मशीन जुनं, हळूहळू फिरायला लागलं. अर्ध्यात लाईट गेली. सगळं पहिल्यापासून. लाईट आली रात्री अकराला. तोवर चौघीजणी थांबल्या होत्या. मग मात्र एकेक फाईल खाली उतरायला लागली. न्यू. न्यू एक. फायनल. फायनल दोन. फायनल खरी. अशी नावं! पन्नासच्या वर फाईली. आजीची कुठली?

तेव्हा उपयोगी पडलं ते ग्रामसभेचं रजिस्टर. आमच्या वनहक्क समितीच्या सचिवांनी त्यात दाव्यांच्या ठरावाची तारीख लिहून ठेवली होती. फाईली तारखेप्रमाणे लावल्या आणि ठरावाच्या आधीच्या आठवड्यातल्या तेवढ्या बघितल्या. सात निघाल्या. म्हणजे बघा, कागदाने कॉम्प्युटरला वाट दाखवली.

पहिली उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, काही अर्थ नाही. शहाणा म्हणाला, "व्हायरसने खाल्ली, डिलीट मार." मी त्याचा हात धरला. व्हायरस नव्हता. विंडोज नवी टाकली तेव्हा कृतिदेव फॉन्टही पुसला गेला होता. अंगरखा गेला, आतलं अंग तसंच होतं. बाबूने दुसऱ्या दिवशी फॉन्टची फाईल मोबाईलवर पाठवली. ती वायर लावून लॅपटॉपवर घेतली, दोनदा दाबलं, इन्स्टॉल केलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. आणि पानावर मराठी उमटलं. चौथी फाईल आजीची. वर तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, चारी बाजूंच्या खुणा. आम्ही मोठ्याने वाचलं. नवऱ्याचं नाव ऐकल्यावर आजी डोळ्याला पदर लावून बसली. मग म्हणाली, "पुढं वाच."

पुढं होती सोबत जोडलेल्या कागदांची यादी. एक, दंडाची पावती, तिचा नंबर आणि तारीख. दोन, पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब. तीन, जागेचा पाहणी पंचनामा आणि नकाशा. चार, ग्रामसभेचा ठराव. आणि पत्रात म्हणे पुरावे जोडलेले नाहीत!

आता एक सांगते, गैरसमज नको. लॅपटॉपमधली फाईल हा पुरावा नव्हे. उद्या साहेब म्हणतील, ही तुम्ही काल रात्री टाईप केली. पण त्या फाईलने आम्हाला सांगितलं की शोधायचं काय. दंडाच्या पावतीचा नंबर कळला, तसा आजीच्या दिराच्या ट्रंकेत शोध घेतला. मूळ पावती तिथं निघाली, दोघा भावांवर एकत्रच दंड झाला होता. जबाब देणाऱ्यांपैकी एक म्हातारा अजून आहे, त्याने पुन्हा अंगठा दिला. आणि समितीच्या फाईलीत सगळ्या दाव्यांची मिळून एक यादी सापडली, तिच्यावर ऑफिसचा शिक्का आणि सही. पोच! त्या यादीत आजीच्या नावापुढे जोडलेल्या कागदांची संख्या लिहिलेली आहे. चार.

एकेचाळिसाव्या दिवशी जिल्हास्तरीय समितीकडे अपील दाखल केलं. त्याचीही पोच घेतली. दावेदाराला म्हणणं मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय ते त्याच्या विरोधात निकाली काढता येत नाही, असं कायद्याच्या कलम 6 मध्येच आहे. सुनावणी अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते मी आज सांगत नाही. पण आजी शेतातच आहे. नागली लावून झाली तिची.

आता या गोष्टीतून आम्ही आमच्या पाड्यावर काय ठरवलं ते सांगते आणि बसते.

एक. फाईलीला फायनल खरी असलं नाव द्यायचं नाही. पाड्याचं नाव, दावेदाराचं नाव, तारीख. आणि ते नाव रजिस्टरात लिहायचं, कुणी टाईप केलं आणि कुठल्या मशीनवर तेही लिहायचं.

दोन. एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच. एक डी ड्राईव्हवर, एक पेनड्राईव्हवर, आणि एक छापलेली ग्रामसभेच्या पेटीत. पेनड्राईव्ह लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवायचा नाही. पिशवी गेली की दोन्ही जाईल. तो दुसऱ्या घरात ठेवायचा.

तीन. नवीन काही लिहायचं ते युनिकोडमध्ये. जुन्या कृतिदेवातल्या फाईलींची पीडीएफ करून ठेवायची. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, मग दुसऱ्या मशीनवर आणि मोबाईलवरही ती मराठीतच दिसते.

चार. मशीन दुरुस्तीला देण्याआधी सगळं उतरवून घ्यायचं. आणि दुकानदाराला तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यायचं की डी ला हात लावू नका.

पाच. ऑफिसात कुठलाही कागद पोच घेतल्याशिवाय द्यायचा नाही. देत नसतील तर बसून राहायचं. पोचेवर जोडलेल्या कागदांची संख्या लिहून घ्यायची.

सहा. हे सगळं एकट्या पोराला ठाऊक असून चालणार नाही. त्या बाबूने फोन उचलला नसता तर? आता आमच्याकडे तीन मुली आणि एक मुलगा लॅपटॉपवर बसतात. त्यातली एक दहावी नापास आहे, आणि सगळ्यात चांगलं शोधते.

आणि एक शेवटचं. ती इंग्रजी अक्षरांची फाईल बघून सगळे म्हणाले होते, यात काही नाही, पुसून टाका. आपल्या जमिनीबद्दलही ऑफिसात असंच बोलतात. सातबारावर नाव नाही म्हणजे तुम्ही तिथं नव्हताच. पण नियम 13 काढून वाचा. घर, बांध, विहीर, सरण-पुरण्याची जागा, देवाची जागा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, हे सगळे पुरावे म्हणून त्यात लिहिलेले आहेत. उपग्रहाचा फोटो जोडीला घेता येतो, त्याच्या जागी बाकीचं बाद करता येत नाही. डोंगरावर आपलं सगळं लिहिलेलंच आहे. ज्याला ते वाचता येत नाही त्याला आपण वाचून दाखवायचं, आणि त्याची पोच घ्यायची.

कुणाकडे जुना लॅपटॉप असेल, हरवलेली फाईल असेल, तर जेवण झाल्यावर माझ्याकडे या. लाईट आहे तोवर एकदोन तरी शोधू.

जिंदाबाद!